हौशी बुलेटिन बोर्डांच्या जाळ्यांतील परवलीचा शब्द आणि टपालाची गुप्तता

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण लोहमार्गावर नाही. मलकापूर स्थानकाकडून राजूर घाट चढून येणाऱ्या टपालाच्या थैलीस मोहर असे; आणि टपाल कर्मचाऱ्याने कर्तव्याचा भंग करून वाटेत पत्र फोडणे हा १८९८ च्या भारतीय डाकघर अधिनियमानुसार दंडनीय अपराध होता. हौशी संगणकचालकांनी दूरध्वनीच्या तारेवर उभारलेल्या टपालव्यवस्थेस ना मोहर होती ना असा कायदा. तिथे गुप्ततेचा भार कशावर होता, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अशा जाळ्यांपैकी सर्वांत विस्तृत जाळे म्हणजे ‘फिडोनेट’. टॉम जेनिंग्ज यांनी ते १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू केले. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्याची केंद्रे तीस हजारांहून अधिक झाली होती. केंद्र म्हणजे बहुधा एखाद्याच्या घरातील एक संगणक, एक मोडेम आणि एक दूरध्वनी. ठरलेल्या वेळी एक संगणक दुसऱ्यास फोन करी, साचलेल्या पत्रांचे पुडके त्याच्या हवाली करी. तो ते पुढच्यास देई. मुंबईतील ‘लाइव्ह वायर’ हा बोर्ड भारतातील आरंभीच्या बोर्डांपैकी होय. बुलढाण्याहून अशा बोर्डाशी जोडून घ्यायचे तर एसटीडीचा खर्च होता. म्हणूनच रात्री अकरानंतरच्या पाव दराचे महत्त्व.

पुडक्याच्या आरंभी परवलीच्या शब्दासाठी आठ अक्षरांची जागा राखलेली असे. परक्या केंद्राने दुसऱ्याच्या नावाने खोटे पुडके आत सरकवू नये, हा त्याचा हेतू. परंतु हा शब्द उघड्या मजकुरातच जाई. चर्चाविभागांची वर्गणी सुरू वा बंद करणाऱ्या ‘एरियाफिक्स’ या आज्ञावलीस पाठवायच्या पत्रात तर तो चक्क विषयाच्या ओळीत लिहावा लागे! पहारा दारावर होता; आतले पत्र मात्र प्रत्येक मुक्कामी उघडेच पडलेले असे. अनेक आज्ञावलींत सदस्यांचे परवलीचे शब्दही बोर्डचालकास वाचता येत.

१९८९ च्या फिडोनेट नियमावलीत या उणिवेची जाणीव स्पष्ट दिसते, आणि तिथेच खरा पेच आहे. मार्गस्थ खाजगी पत्रातील मजकूर उघड करणे वा वापरणे तिने निषिद्ध ठरवले. मात्र इतर केंद्रांच्या स्पष्ट संमतीवाचून सांकेतिक लिपीतील पत्र त्यांच्यामार्फत पाठवणे हेही तिने दूषणीय मानले, कारण आपल्या यंत्रावरून काय जाते हे चालकास पाहता यावे, अशी तिची भूमिका होती. म्हणजे वाचण्याची सोय कायम ठेवून न बोलण्याचे वचन तेवढे मागितले. ही भूमिका केवळ सत्तालोभाची म्हणता येत नाही. फोनचे बिल आणि आक्षेपार्ह मजकुराचे संभाव्य उत्तरदायित्व हे दोन्ही त्या एकाच गृहस्थाचे होते. तरीही पत्रलेखकाच्या बाजूने पाहता हे संरक्षण तोकडेच ठरते. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांची ‘पीजीपी’ ही सांकेतिक लेखनाची आज्ञावली प्रसृत झाली, तीही आरंभी अशाच बोर्डांवरून. तेव्हा हा वाद अधिकच तीव्र झाला.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाची सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू झाली आणि हौशी बोर्डांचे रात्रीचे टपाल क्रमाने तिकडे वळले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम अमलात आला तो १७ ऑक्टोबर २००० रोजी.