कोरोनात कर्ता गेलेली घरे : आमदार काय करू शकतात?
कोरोनात घरचा कर्ता गेला, त्या घरांसाठी योजना आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मृताच्या वारसांना ५० हजार रुपये मिळू लागले. दाखल्यावर कोरोना लिहिलेला नाही एवढ्यावरून ही मदत नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले होते. आई-वडील दोन्ही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने ५ लाखांची ठेव जाहीर केली. विधवांसाठी तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली 'मिशन वात्सल्य' समित्या नेमल्या.

अडतं ते कागदावर. सातबाऱ्यावर वारस नोंद नाही, मग पीककर्जही नाही. रोज बुडवून बाईने तहसीलला किती चकरा मारायच्या?

आमदाराने गावनिहाय यादी मागवावी, वारस नोंदीचे शिबिर गावातच लावायला सांगावे. तरीही राहिलेली प्रकरणे विधानसभेत मांडावीत.