काकांच्या छातीतलं भोक

मागच्या महिन्यात आमच्या धाकट्या काकांचा छातीचा सीटी स्कॅन झाला. फुप्फुसं ठीक निघाली, पण रिपोर्टात खाली एक ओळ होती: उरोस्थीत जन्मजात छिद्र. काकूंचा लगेच मला फोन. "काळजाला भोक आहे का गं?" भोक काळजाला नव्हतं, छातीच्या मधल्या हाडाला होतं. शंभरातल्या चार-पाच जणांना असतं, त्रास काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकू निवांत झाल्या, मी मात्र वाचत बसले.

या हाडावरून एक जुनं भांडण आहे. दुसऱ्या शतकातल्या गेलनने लिहून ठेवलं की त्याचे भाग सात. त्याने चिरफाड केली होती माकडांची नि इतर प्राण्यांची, तरी पुढे तेराशे वर्षं त्याचा शब्द प्रमाण. १५४३ साली २८ वर्षांच्या व्हेसेलियसने माणसाची प्रेतं तपासून सांगितलं, भाग तीनच. त्याचे पॅरिसचे गुरू सिल्व्हियस भयंकर चिडले. त्यांचं म्हणणं काय, तर गेलन चुकलेला नाही, तेव्हापासून माणसाचं शरीरच बदललं!

गंमत म्हणजे 'तीन' हेही सगळ्यांचं उत्तर नाही. लहानपणी हे हाड सुट्या तुकड्यांचं असतं. वाढत्या वयात ते जुळत जातात. जुळणी कुठे अपुरी राहिली की भोक उरतं. कुणाचं खालचं टोक पुढे वळलेलं असतं, मग गाठ समजून घरदार घाबरतं.

पण भोक नेहमीच निरुपद्रवी नसतं, कारण मागे हृदय आहे. १९२७ साली लेनिनग्राडमध्ये अरिंकिन यांनी या हाडात सुई घालून मगज काढण्याची रीत सुरू केली. ती टोचताना हाडाचा आधार गृहीत धरलेला असतो. तो नसला तर? १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये नॉर्वेतली एक घटना छापून आली. अ‍ॅक्युपंक्चरची बारीक सुई अशाच भोकातून थेट हृदयापर्यंत गेली, हृदयाभोवती रक्त साचलं आणि ती बाई दगावली.

काकूंना हे सांगावं की नाही, दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत. काकांच्या फायलीवर लाल शाईने त्यांनी लिहून ठेवलंय: 'छातीत सुई टोचण्याआधी आतला रिपोर्ट बघावा.'

गेलन काय, व्हेसेलियस काय, आमच्या काकांना बघून कुणीच लिहिलेलं नाही. तेवढं काम काकूंनी केलं.