तळटीप : १९९२ चा विन्स्टन कप हंगाम
‘विन्स्टन कप’ ही नॅसकार या संस्थेची तेव्हाची सर्वोच्च शर्यतमालिका असून तीत ‘स्टॉक कार’, म्हणजे दिसायला नेहमीच्या प्रवासी मोटारींसारख्या पण शर्यतीसाठीच बांधलेल्या गाड्या, धावत. हंगामाचा विजेता सर्व शर्यतींतील गुणांच्या बेरजेवर ठरे. १९९२ च्या २९ शर्यतींपैकी शेवटची १५ नोव्हेंबर रोजी अटलांटा येथे झाली आणि गुणतक्त्यात आघाडीवर असलेला डेव्ही ॲलिसन अपघातामुळे मागे पडल्यावर चुरस बिल एलियट आणि ॲलन कुलविकी यांच्यातच उरली. शर्यत एलियटने जिंकली, विजेतेपद मात्र १० गुणांनी कुलविकीला मिळाले; कारण सर्वाधिक फेऱ्यांत आघाडी राखणाऱ्यास मिळणारे ५ जादा गुण १०३ विरुद्ध १०२ अशा एका फेरीच्या फरकाने त्याच्या पदरात पडले. ती फेरी एलियटकडे गेली असती तर गुण समसमान होऊन, अधिक शर्यती जिंकल्याच्या निकषावर, मान त्यालाच मिळाला असता. अभियांत्रिकीचा पदवीधर असलेला कुलविकी स्वतःच्याच छोट्या संघाचा मालक होता. त्याने त्या दिवशी आपल्या फोर्ड थंडरबर्डवरील नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरे काढून ते ‘अंडरबर्ड’ केले होते, आणि हा श्लेष दुबळा स्पर्धक या अर्थाच्या ‘अंडरडॉग’ शब्दावर आहे. रिचर्ड पेटीची ही अखेरची, तर जेफ गॉर्डनची मालिकेतील पहिली शर्यत होती. या योगायोगाचा मोह फारच थोड्या लेखकांना आवरला आहे. कुलविकी १ एप्रिल १९९३ रोजी विमान अपघातात मरण पावला.