तळटीप : ‘आयसीआरसी’ लस आणि पेप्टाइड लस

* लेखकाने खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’चा इथे ओझरता उल्लेख केला आहे; त्यामागचा इतिहास मात्र वाचकाला ठाऊक असायला हवा. या संस्थेचे मूळ परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये (स्थापना १९५२) आहे. खारघरला ती २००२ साली आली. परळलाच कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जिवाणू वेगळा करून वाढवण्यात आला. त्या कामात डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. खानोलकर होते. संस्थेच्या आद्याक्षरांवरून जिवाणूचे नाव पडले आणि पुढे डॉ. एम. जी. देव यांनी तो गॅमा किरणांनी मारून त्याची लस केली. दक्षिण भारतातल्या तुलनात्मक चाचणीत (निष्कर्ष १९९८) तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले, एकट्या बीसीजीने ३४.

ही लस अख्ख्या जिवाणूची. कृत्रिम पेप्टाइड लशीत जिवाणू नसतोच. त्याच्या प्रथिनातला, प्रतिकारयंत्रणेला ओळखू येणारा दहा-वीस अमिनो आम्लांचा तुकडा निवडून तो प्रयोगशाळेत एकेक आम्ल जोडत बांधतात. मेरिफिल्ड यांची १९६३ची पद्धत इथे कामी येते. संसर्गाची भीती नाही, शुद्धता पक्की. पण एवढासा तुकडा शरीर सहसा मनावर घेत नाही. त्याला वाहक प्रथिन आणि प्रतिसाद वाढवणारे द्रव्य जोडावे लागते. शिवाय माणसागणिक ऊतक-प्रकार बदलतो, म्हणून एकाला लागू पडलेला तुकडा दुसऱ्याला पडेलच असे नाही. संधिवाती हृदयविकाराला कारणीभूत होणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसवर अशा लशींच्या मानवी चाचण्या झाल्या आहेत. नियमित लसीकरणात मात्र जिवाणूंविरुद्धची एकही कृत्रिम पेप्टाइड लस अद्याप आलेली नाही. — संपा.