गिरणी, अफू आणि पाळणाघर

नोकरी करणाऱ्या आईबापांनी तान्ह्या मुलाला कामाच्या ठिकाणी आणावे की नाही, हा प्रश्न हल्ली वातानुकूलित कार्यालयांच्या संदर्भात विचारला जातो, आणि तो जणू कालपरवा उपजला अशा थाटात विचारला जातो. मुंबईपुरते बोलायचे तर त्याचे वय शंभराच्या पुढे आहे.

१९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक स्त्री होती. बहुतेकजणी रिळाच्या आणि वाइंडिंगच्या खात्यात. या खात्यांत मजुरी दिवसावर नसे, उतरलेल्या कामावर असे. हा तपशील नुसता हिशेबी वाटेल, पण सगळी गोम त्यातच आहे. मूल पाजायला उठलेल्या बाईला मुकादमाने दंड करायची गरज नव्हती; जेवढा वेळ ती उठली तेवढी मजुरी तिची तीच कापून घेत होती. मूल घरी ठेवावे तर चाळीतल्या खोलीत सांभाळणारी एखादी म्हातारी किंवा सात-आठ वर्षांची थोरली बहीण. बरोबर आणावे तर कापसाची धूळ, यंत्रांचा गोंगाट आणि चालते पट्टे. दोन्हीकडे उपाय एकच निघाला, मूल दिवसभर निजून राहिले पाहिजे.

१९२१-२२च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांकडून गिरणीतल्या स्त्रियांच्या प्रसूतीची आणि त्यांच्या मुलांची पाहणी करवून घेतली. कामकरणींच्या अर्भकांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. ‘बाळगोळी’ हे तिचे घरगुती नाव. याच काळात, १९२१ साली, शहरात नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. हा दुसरा आकडा जपून वाचावा लागतो. पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर जात. जन्म तिकडे होई आणि मृत्यू मुंबईत नोंदला जाई, त्यामुळे प्रमाण फुगत असे. ती सूट देऊनही उरते ते थोडे नाही.

त्या काळच्या सरकारी लिखाणात अफूचा दोष आईच्या अज्ञानावर टाकण्याकडे कल दिसतो. मला ते पटत नाही. गिरणीबाहेरही अफू दिली जात होती हे खरे. पण दिवसाचे नऊ-दहा तास सोडून जावे लागणाऱ्या बाईच्या हातातली गोळी ही रूढी कमी आणि पाळीची सोय जास्त होती.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात रा. स. आसवले यांनी प्रसूतिलाभाचे विधेयक आणले. त्यावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी घेतलेली भूमिका आजही ताजी वाटते. बाईला या काळात विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून भार बराचसा सरकारने उचलावा. मात्र जो मालक स्त्रीच्या श्रमांतून नफा मिळवतो त्याला सगळेच माफ करता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली कायदा झाला. भत्ता मिळू लागला, प्रसूतीनंतर चार आठवडे कामावर घेण्यास बंदी आली. भार मात्र मालकावरच ठेवला गेला. आणि पाचव्या आठवड्यात मुलाचे काय, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

ते उत्तर १९३४च्या कारखाना कायद्यात अर्धवट आले. पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. १९४८च्या कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले आणि आईला अधूनमधून अंगावर पाजता यावे अशी तरतूदही त्यात आली. १९७६ साली पन्नासचा आकडा तीसवर आणला.

इथे एक विचित्र गोष्ट दिसते. मोजायच्या त्या फक्त बायका. हजार पुरुषांच्या कारखान्यात मुले असलेले बाप कितीही असोत, पाळणाघराचा खर्च उभा राही तो एकतिसाव्या बाईपाशी. मालकाला ही बाई महाग वाटली तर नवल नाही. १९६०च्या दशकापर्यंत मुंबईच्या गिरण्यांत स्त्रियांचे प्रमाण दहात एकीच्याही खाली गेले. याचे खापर केवळ पाळणाघरावर फोडणे चुकीचे ठरेल. वेगवान वाइंडिंग यंत्रे आणि स्त्रियांना असलेली रात्रपाळीची बंदी यांचाही त्यात वाटा होता, आणि कोणाचा किती यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण आकडा टाळण्याची मुभा कायद्यानेच दिली होती, एवढे निश्चित.

कारखान्याच्या भिंतीबाहेर तर कायदा फारसा पोचलाच नव्हता. १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे मुंबईतही काम सुरू झाले. बांधकाम हलले की पाळणाघरही हलते, ही साधी युक्ती. मूल आणावे की न आणावे हा वाद तिथे कोणी घातलाच नाही, कारण मूल वाळूच्या ढिगावर आधीच बसलेले होते. रोजगार हमीच्या राष्ट्रीय कायद्यानेही हेच गृहीत धरले. कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. आमच्याकडे ऊसतोडीच्या फडात पाचटावर झोळी बांधून मूल निजवले जाते, तिथे अशी नेमणूक कोण करतो?

२०१७च्या दुरुस्तीने प्रसूतिलाभ कायद्यात पाळणाघर आले, तेव्हा प्रथमच मोजणी बदलली. पन्नास स्त्रिया नव्हे, पन्नास कर्मचारी. म्हणजे ऐंशी वर्षांनी बाप हिशेबात धरला गेला. पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाऊन येण्याची मुभा मात्र त्याच कलमात फक्त आईला होती.