प्रवेश आणि मान्यता : मेरी कॅल्किन्स यांचे प्रकरण

तत्त्वज्ञानाच्या वर्गात प्रवेश मिळणे आणि विद्यार्थी म्हणून मान्यता मिळणे या भिन्न गोष्टी होत, हे मेरी व्हिटन कॅल्किन्स (१८६३–१९३०) यांच्या प्रकरणावरून दिसून येते. वेल्स्ली महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या या विदुषीने १८९० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात जेम्स व रॉइस यांच्या वर्गांस बसण्याची अनुज्ञा मागितली. प्राध्यापक अनुकूल होते. अध्यक्ष एलियट यांनी मात्र नकार दिला. वडिलांच्या विनंतिअर्जानंतर ऑक्टोबरात अनुज्ञा मिळाली, परंतु विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही, या अटीवर. १८९५ च्या मे महिन्यात परीक्षकांनी त्या पीएच. डी. स पात्र असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. तरीही विद्यापीठाने पदवी दिली नाही. १९०२ मध्ये रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयाची पदवी देऊ करण्यात आली. अध्ययन हार्वर्डमध्ये झाले असल्याने त्यांनी ती नाकारली. १९१८ मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९२७ मध्ये हार्वर्डच्या काही माजी विद्यार्थ्यांनी केलेला अर्जही फेटाळला गेला. ज्ञानाची परीक्षा विभागाने घेतली होती. निर्णयाचा अधिकार मात्र विभागाबाहेर होता. म्हणून चाळीस वर्षांनंतरही मूळ अर्ज वस्तुतः अनिर्णितच राहिला, असे म्हणावे लागते.