तर, तम आणि तारतम्य

दुःखाच्या घरी भेटायला गेलेला एखादा गृहस्थ हातात चहा येताच क्रिकेटचा स्कोअर विचारतो. बाहेर पडल्यावर कोणीतरी पुटपुटतं, ‘काही तारतम्य?’ वाक्य पुरं करायचीही गरज नसते. खरं तर त्यानं वाईट असं काहीच केलेलं नसतं. चहा वाईट नाही, क्रिकेटही नाही. फक्त कुठे काय आणि किती, हे चुकलं.

हे ‘किती’ तारतम्य या शब्दाच्या हाडातच आहे. ‘तर’ आणि ‘तम’ हे संस्कृतातले दोन प्रत्यय: दोहोंत अधिक तो ‘तर’, अनेकांत सर्वाधिक तो ‘तम’. पाणिनीनं या जोडीला ‘घ’ अशी एकाक्षरी संज्ञाच देऊन टाकली. मधुरचं माधुर्य व्हावं तसं ‘तरतम’चं तारतम्य झालं. नुसत्या प्रत्ययांना प्रत्यय लागून घडलेला असा शब्द विरळाच.

मराठीनं हे प्रत्यय स्वतःच्या शब्दांना लावले नाहीत. मोठाचं ‘मोठातर’ होत नाही. आपलं काम ‘पेक्षा’ आणि ‘सर्वांत’ यांवर भागतं. तरी ते घरात आहेतच. मसावितल्या ‘महत्तम’मध्ये आणि लसावितल्या ‘लघुतम’मध्ये शाळेतच त्यांची गाठ पडते. ‘उत्तम’ म्हणजे उद् अधिक तम, सर्वांत वरचं. ‘उत्तर’ म्हणजे उद् अधिक तर, अधिक वरचं. म्हणजे ‘सर्वांत उत्तम’ म्हणताना आपण एकाच डोक्यावर दोन पगड्या चढवतो.

शेजारपाजारी या शब्दाचे संसार वेगळे. मल्याळममध्ये तारतम्य म्हणजे तुलना; तौलनिक साहित्याच्या नावात हाच शब्द आहे. हिंदीत विचारांचं तारतम्य तुटतं, म्हणजे सलगता जाते. उडुपीच्या मध्वाचार्यांच्या द्वैतमतात तारतम्य म्हणजे देवांची आणि जीवांची चढती श्रेणी. आणि कन्नडमध्ये ‘लिंग तारतम्य’ म्हणजे स्त्री-पुरुष भेदभाव! कमी-जास्त मोजायची तीच पट्टी; सीमेपलीकडे तिचा अन्याय झाला आणि अलीकडे शहाणपण. बेळगावात दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्याला एकाच शब्दाचा एकीकडे निषेध आणि दुसरीकडे आग्रह ऐकू येत असणार.

मराठीत शहाणपणाला शब्दांचा तोटा नाही. विवेक आहे, सारासार आहे, पाचपोच आहे. पण ‘विवेक’मधला ‘विच्’ धातू वेगळं करण्याचा. सुपात धान्य पाखडावं तसा विवेक दाणा इकडे, फोल तिकडे करतो. तारतम्याचं काम त्यानंतर सुरू होतं, सगळे दाणेच उरल्यावर. खरं बोलावं, हे विवेक सांगतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून ते किती आणि कधी बोलावं, हे तारतम्य. आग्रह करावा, पण पानावरचा पाहुणा दोन्ही हात आडवे धरेपर्यंत नाही. म्हणूनच विवेक शिकवता येतो, त्यावर प्रवचनं होतात. तारतम्य मात्र ‘मीठ चवीपुरतं’सारखं असतं. हाताला कळतं, चमच्यात मावत नाही.

या ‘तर’चा एक फारसी भाऊबंदही मराठीत नांदतो. फारसीत ‘बेह’ला ‘तर’ लागून ‘बेहतर’ होतं, म्हणजे अधिक चांगलं. मराठीनं त्याला ठसक्यात ‘बेहत्तर’ केलं: ‘जीव गेला तरी बेहत्तर, पण माफी मागणार नाही!’ ऐकणाऱ्याला वाटतं, याचं तारतम्य सुटलं. पण शब्द नीट ऐका. जीव एका पारड्यात, माफी दुसऱ्यात; तोलून झालंय, निकालही लागलाय. तारतम्य त्याच्याकडे आहे. वजनं तेवढी आपल्याहून वेगळी आहेत.